‘वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नाचे काय करायचे?

इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकांत वर्षानुवर्षे टिकून राहिलेला एक प्रश्न आहे: खालील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. या प्रश्नाचे उत्तर लिहिण्याची युक्ती विद्यार्थ्यांना लवकरच साधते. ‘इन हॉट वॉटर’ म्हणजे अडचणीत, एवढे पाठ असले की ‘ही वॉज इन हॉट वॉटर’ असे इवलेसे वाक्य लिहायचे, गुण घ्यायचे आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचे. या वाक्यात व्याकरणाची चूक नाही आणि वाक्प्रचारही जसाच्या तसा उतरला आहे. परंतु त्याच्या जागी ‘इन हाय स्पिरिट्स’, म्हणजे खुशीत, किंवा ‘इन टू माइंड्स’, म्हणजे द्विधा मनःस्थितीत, असे काहीही बसवले तरी वाक्य तितकेच निर्दोष राहते. ज्या वाक्यात कोणताही वाक्प्रचार खपून जातो, ते वाक्य लिहिणाऱ्याला नेमका हाच वाक्प्रचार समजला आहे, हे परीक्षकाने कशावरून ठरवायचे?

हा प्रश्न विचारण्याची पद्धत बदलावी, असे माझे मत आहे, आणि त्यामागचे कारण प्रश्नपत्रिकेपुरते मर्यादित नाही. वाक्प्रचार म्हणजे भाषेवर चढवायचा दागिना, तो जितका ठसठशीत तितकी भाषा श्रीमंत, अशी समजूत या प्रश्नामुळे पक्की होते. प्रत्यक्षात इंग्रजी लिहिणाऱ्याचा कस लागतो तो साध्या, नजरेत न भरणाऱ्या शब्दांच्या निवडीत. कोणत्या नामाशी कोणते क्रियापद जोडायचे, कोणते विशेषण कोणाला शोभते, कोणता शब्द कोणासमोर उच्चारायचा नाही, हे ज्याला कळते त्याने आयुष्यात एकही रंगीत वाक्प्रचार वापरला नाही तरी त्याचे इंग्रजी चोख ठरते. आणि ज्याला हे कळत नाही त्याचे दोनशे वाक्प्रचार त्याला वाचवत नाहीत.

‘किक द बकेट’ हे नेहमीचे उदाहरण घेऊ. यादीत त्याच्यापुढे ‘मरणे’ असा अर्थ दिलेला असतो आणि तो चुकीचा नाही. आता हा अर्थ प्रमाण मानून कोणी आपल्या परदेशी सहकाऱ्याला सांत्वनाच्या पत्रात ‘तुमच्या वडिलांनी बकेट किक केल्याचे कळून वाईट वाटले’ असे लिहिले, तर व्याकरण शाबूत, अर्थ शाबूत, आणि संबंध मात्र कायमचे तुटलेले, अशी अवस्था होईल. मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. ‘निवर्तले’, ‘वारले’, ‘मरण पावले’, ‘मेला’, ‘खपला’, ‘गचकला’ या सगळ्यांचा कोशातला अर्थ एकच असला, तरी शोकसभेत ‘गचकले’ म्हणणारा वक्ता आपण सहन करणार नाही, आणि अंगावर बसलेला डास ‘निवर्तला’ असे कोणी म्हटले तर ती थट्टा आहे हे आपल्याला लगेच समजते. मृताविषयी आदर आहे, अलिप्तता आहे की तुच्छता, हे त्या क्रियापदातच भरलेले असते. ‘किक द बकेट’ हा ‘गचकणे’च्या जातकुळीतला प्रयोग आहे, त्याच्यापुढे नुसते ‘मरणे’ लिहिणारी यादी त्याची जात लपवते आणि विद्यार्थ्याच्या हाती अर्धेच ज्ञान ठेवते.

अर्थाबरोबर घडणीचाही प्रश्न असतो. ‘स्पिल द बीन्स’, म्हणजे गुपित फोडणे, हा प्रयोग कर्मणी केला तरी त्याचा अर्थ टिकतो. ‘द बीन्स वर स्पिल्ड’ असे सर्रास म्हटले जाते. ‘द बकेट वॉज किक्ड’ असे म्हटले की मात्र मृत्यू नाहीसा होतो आणि खरोखरची बादली उरते. ‘पुल समवन्स लेग’, म्हणजे एखाद्याची फिरकी घेणे, यात पाय एकच असावा लागतो. दोन्ही पाय ओढले की विनोद संपून मारामारी सुरू होते. असे का, याचे तर्काने उत्तर देता येत नाही. ‘हेड ओव्हर हील्स’ हा प्रयोग प्रेमात आकंठ बुडालेल्या माणसासाठी वापरतात, पण डोके टाचांच्या वर असणे ही तर आपली रोजचीच स्थिती आहे. मूळ रूप ‘हील्स ओव्हर हेड’ असे होते, ते पुढे उलटले आणि उलटलेलेच रूढ झाले.

अमेरिकेतील टेड कॅझिन्स्की या बॉम्बहल्लेखोराचे प्रकरण या संदर्भात फार बोलके आहे. त्याचा प्रदीर्घ जाहीरनामा १९९५ मध्ये वृत्तपत्रात छापला गेला आणि त्याची भाषा त्याच्या सख्ख्या भावाला ओळखीची वाटली. त्या लिखाणात केक खाणे आणि तो शिल्लकही ठेवणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत, या अर्थाची इंग्रजी म्हण आली होती. पण आज सगळे ‘हॅव’ आधी आणि ‘ईट’ नंतर म्हणतात, तर त्याने ‘ईट’ आधी घातले होते. त्याच्या जुन्या लिखाणातही तीच उलटी रचना सापडली. गंमत अशी की तर्काच्या दृष्टीने त्याचेच बरोबर होते, कारण केक आधी जवळ असतो आणि मग खाल्ला जातो, आधी खाऊन नंतर तो जवळ ठेवता येत नाही. आणि इतिहासाच्या दृष्टीनेही बरोबर होते, कारण सोळाव्या शतकातील नोंदीत ही म्हण तशीच आढळते. तरीही दोन क्रियापदांची ही अदलाबदल डोळ्यांत भरण्याइतकी वेगळी होती. वाक्प्रचाराची घडण रूढीच्या हाती किती घट्ट असते, हे यावरून दिसते.

मराठी भाषकापुढे आणखी एक सापळा असतो, आणि तो आपल्याच भाषेने लावलेला असतो. दोन्ही भाषांत शरीराचे अवयव तेच, कृतीही तीच, आणि अर्थ मात्र कधी एक, कधी वेगळा, तर कधी अगदी विरुद्ध. नको तिथे नाक खुपसणे दोन्ही भाषांत सारखेच; तोंडाला पाणी सुटणेही तसेच. त्यामुळे विश्वास बसतो आणि पुढच्याच पावलावर घात होतो. ‘पाय ओढणे’ म्हणजे मराठीत कोणाच्या प्रगतीत अडथळा आणणे. इंग्रजीत, वर सांगितल्याप्रमाणे, निरुपद्रवी थट्टा. हात धुण्याचे तर विचारूच नये. इंग्रजीत एखाद्या गोष्टीवरून हात धुणे म्हणजे तिची जबाबदारी झिडकारणे. येशूला मृत्युदंड देताना पिलाताने लोकांसमोर हात धुतले, या बायबलमधील प्रसंगाचा त्याला आधार आहे. मराठीत मात्र एखाद्याच्या हात धुऊन पाठीमागे लागणे म्हणजे त्याचा पिच्छा न सोडणे आणि वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे म्हणजे संधीचा फायदा उठवणे. जबाबदारी टाळायची असेल तर आपण हात धूत नाही, झटकतो. आपले वाक्य मनात मराठीत घडवून नंतर त्याला इंग्रजी कपडे चढवणारा माणूस ‘मी या प्रकल्पाच्या मागे हात धुऊन लागलो आहे’ असे सांगायला जातो आणि ऐकणाऱ्याच्या समजुतीप्रमाणे प्रकल्पाला सोडचिठ्ठी देऊन मोकळा होतो.

हे झाले डोळ्यांना दिसणारे वाक्प्रचार. माझ्या दृष्टीने खरा विषय याच्या पुढे सुरू होतो, कारण ‘इडियम’ या शब्दाचा अर्थच मुळात अधिक व्यापक आहे. ग्रीक भाषेतील ‘इडिओस’, म्हणजे स्वतःचे, खासगी, या शब्दापासून तो आला. भाषेची स्वतःची अशी खास लकब, असा त्याचा आशय. (त्याच मुळापासून ‘इडियट’ हा शब्दही आला आहे, हे नाते वाक्प्रचारांची खिरापत वाटणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.) या व्यापक अर्थाने पाहिले तर प्रत्येक वाक्यात लकब असते, फक्त ती आपल्याला दिसत नाही. मराठीत आपण निर्णय ‘घेतो’, इंग्रजीत तो ‘मेक’ करतात, म्हणजे बनवतात. मराठीत स्वप्न ‘पडते’, इंग्रजीत ते ‘हॅव’ करतात. मराठीत विद्यार्थी परीक्षा ‘देतो’, प्रमाण इंग्रजीत तो ती ‘टेक’ करतो, म्हणजे घेतो. आणि म्हणूनच ‘आय गेव्ह द एक्झाम’ हे आपल्याला अगदी स्वाभाविक वाटणारे वाक्य बाहेरच्या वाचकाला परीक्षकाचे वाटण्याची शक्यता असते. चहा मराठीत कडक, इंग्रजीत ‘स्ट्राँग’. पाऊस मराठीत मुसळधार, इंग्रजीत ‘हेवी’. आणि इंग्रजीत वारा मात्र ‘हेवी’ चालत नाही, तो पुन्हा ‘स्ट्राँग’. ‘पॉवरफुल’ आणि ‘स्ट्राँग’ यांचा अर्थ जवळजवळ एकच, तरी चहा ‘पॉवरफुल’ होत नाही. पराभव दारुण आणि विजय दणदणीत असतो, झोप गाढ आणि जंगल घनदाट असते, हे आपण मराठीत कोणत्या नियमाने शिकलो? नियमाने शिकलोच नाही, त्या जोड्या कानांवर पडत राहिल्या. दारुण विजय आणि घनदाट झोप ऐकली की आपले कान टवकारतात, तसेच इंग्रजी भाषकाचे कान आपल्या कितीतरी वाक्यांवर टवकारत असतात. तो सभ्यपणे काही बोलत नाही, एवढेच.

शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, हे सूत्र इंग्रज भाषावैज्ञानिक जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये मांडले. हेच फर्थ तरुणपणी, १९१९ ते १९२८ या काळात, लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांना ती शिकवणाऱ्यांना ही गोष्ट आधी दिसावी, यात मला नवल वाटत नाही. ए. एस. हॉर्नबी १९२४ मध्ये शिकवण्यासाठी जपानला गेले, आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहून त्यांनी सहकाऱ्यांसह जो कोश तयार केला तो १९४२ मध्ये टोकियोत निघाला. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने तो १९४८ मध्ये पुन्हा छापला आणि पुढे जगभरच्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर पोहोचवला. त्या पहिल्या आवृत्तीच्या नावातच ‘इडियमॅटिक’ हा शब्द होता, पण रंगीत वाक्प्रचारांची जंत्री देणे हा त्यातला मुख्य उद्योग नव्हता. क्रियापदामागे कोणती रचना येते, नाम मोजता येते की नाही, असली रोजच्या वापरातली माहिती त्यात होती. इंग्रजीची लकब म्हणजे हीच, असे हॉर्नबींनी गृहीत धरले होते. आपण मात्र त्यांच्या परंपरेतला कोश शेल्फवर ठेवून वाक्प्रचारांच्या पुस्तिका पाठ करत राहिलो.

संगतीच्या या अभ्यासाला संगणकाची जोड मिळाल्यावर आणखी एक बारकावा समोर आला. बर्मिंगहॅम विद्यापीठातील जॉन सिंक्लेअर यांनी प्रत्यक्ष लिखाणाचे मोठे साठे तपासताना दाखवून दिले की ‘सेट इन’, म्हणजे सुरू होऊन ठाण मांडणे, या साध्या क्रियाप्रयोगाचा कर्ता बहुतेक वेळा काहीतरी अप्रिय असतो: सडणे, निराशा, ऱ्हास. ‘कॉज’ या क्रियापदाचेही तसेच. नुकसान, त्रास, अपघात, विलंब यांच्याच संगतीत ते वावरते. ‘युअर लेटर कॉज्ड मी हॅपिनेस’ हे वाक्य कोशाच्या कसोटीवर उतरते आणि तरीही आनंद हा जणू एखादा आजार असावा, असा त्याचा सूर लागतो. मराठीत याला तंतोतंत जुळणारी उदाहरणे आहेत. संकट ओढवते, नामुष्की ओढवते. ‘माझ्यावर बढती ओढवली’ असे कोणी म्हणाले तर त्याला ती नको होती, असाच अर्थ आपण काढू. लोभापायी माणूस बुडतो, पण कष्टांपायी पहिला येत नाही, कष्टांमुळे येतो. शब्दावर असा सूर चढलेला असतो आणि तो यादीत छापता येत नाही. दहा-वीस खऱ्या वाक्यांत तो शब्द भेटावा लागतो, तेव्हा कुठे तो कळतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. इंग्रजी आता इंग्रजांची राहिलेली नाही. ती जगभर ज्यांच्यात वापरली जाते त्यांतील फार मोठ्या संख्येची ती मातृभाषा नाही. मग मूळ भाषकांच्या लकबींचे ओझे इतरांनी का वाहावे? आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे, इतकेच नव्हे तर तो माझ्याच बाजूचा आहे. व्हिएन्ना विद्यापीठातील बार्बरा साइडलहोफर यांनी वेगवेगळ्या मातृभाषांच्या लोकांमधील इंग्रजी संभाषणांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना आढळले की एकाच बाजूला ठाऊक असलेला वाक्प्रचार मध्येच टाकला की संभाषण अडखळते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिक आणि हवाई नियंत्रकांसाठी भाषेच्या सहा पातळ्या ठरवल्या आहेत आणि त्यांतील चौथी पातळी आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी किमान आवश्यक मानली आहे. त्या चौथ्या पातळीवर अपेक्षा अशी की अनपेक्षित प्रसंगी नेमका शब्द आठवला नाही तरी तोच आशय दुसऱ्या शब्दांत सांगता यावा. वाक्प्रचारयुक्त शब्दसंग्रहाचा उल्लेख येतो तो पाचव्या पातळीवर, तोही ‘कधी कधी’ एवढाच, आणि प्रसंगानुरूप भाषेचे भान तर थेट सहाव्या, सर्वोच्च पातळीवर. जिथे चुकीची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागते, तिथे आधी साधेपणा मागितला आहे.

दोन्ही बाजू अस्सल इंग्रजी बोलणाऱ्या असल्या तरी धोका टळत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणींत चर्चिल यांनी सांगितले आहे की एक निवेदन तातडीने चर्चेला घ्यावे म्हणून ब्रिटिश अधिकारी ते ‘टेबल’ करू पाहत होते, आणि अमेरिकी इंग्रजीत ‘टेबल’ करणे म्हणजे बाजूला ठेवणे असल्यामुळे अमेरिकी अधिकारी त्याला विरोध करत होते. दोघांनाही एकच गोष्ट हवी आहे हे लक्षात येण्यापूर्वी बराच कडवट वाद झाला.

आक्षेपाचा दुसरा भाग मात्र मला पटत नाही. इंग्रजी सर्वांची आहे, म्हणून शब्दांच्या जोड्या कशाही लावाव्यात, असे होत नाही. जितके वाचक अनोळखी, तितकी नेमक्या शब्दाची गरज जास्त. इथे शुद्धतेच्या सोवळ्यालाही माझा पाठिंबा नाही. ‘डिसिमेट’ म्हणजे दहातला एक मारणे, म्हणून मोठ्या संहारासाठी तो शब्द वापरू नका, असे सांगणारे पंडित ‘नाइस’ या शब्दाचे लॅटिन मूळ ‘अज्ञानी’ असे आहे, हे सोयीस्करपणे विसरतात. पण काही भेद असे असतात की ते पुसले गेले तर नुकसान सगळ्यांचे होते. ‘डिनाय’ म्हणजे इन्कार करणे आणि ‘रिफ्यूट’ म्हणजे पुराव्यानिशी खंडन करणे. एखाद्या पुढाऱ्याने आरोपावर नुसते ‘हे खोटे आहे’ एवढेच म्हटले आणि बातमीत त्याने आरोप ‘रिफ्यूट’ केल्याचे छापून आले, तर त्याने कधीच न दिलेला पुरावा वार्ताहराने त्याच्या खात्यावर जमा केलेला असतो. अलीकडचे कोश या शब्दाचा सैल अर्थही नोंदवतात, हे खरे. कोशाचे काम नोंदवण्याचे आहे आणि तो ते करतो. लिहिणाऱ्याचे काम वेगळे आहे. ‘फुलसम प्रेझ’ ही भरभरून केलेली स्तुती की ओशट, खोटी स्तुती, यावर वाचकांचे एकमत नसेल, तर आभाराच्या पत्रात तो शब्द टाळण्याएवढे शहाणपण त्याने दाखवायला हवे.

आता परीक्षेकडे. परदेशी शिक्षणासाठी दिल्या जाणाऱ्या आयईएलटीएस परीक्षेच्या बोलण्याच्या भागात सातव्या श्रेणीच्या निकषांमध्ये वाक्प्रचारयुक्त शब्दसंग्रहाचा उल्लेख आहे, आणि त्याला लागूनच शैलीचे व शब्दसंगतीचे भान असावे असेही म्हटले आहे. उमेदवार आणि त्यांना तयार करणारे यांतला पहिला अर्धा भाग वाचतात. मग छंदांविषयीच्या साध्या प्रश्नाच्या उत्तरात मांजरे आणि कुत्री पाऊस होऊन बरसू लागतात. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’, म्हणजे मुसळधार पाऊस पडणे, हा प्रयोग इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांत जितका भेटतो तितका इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी भेटत नाही. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मध्ये अशा झिजलेल्या प्रतिमांबद्दल तक्रार केली होती आणि लेखक त्यांचा अर्थ न समजता त्या वापरतात याचा दाखला म्हणून शिस्तीच्या रेषेवर पाऊल ठेवण्याचा ‘टो द लाइन’ हा प्रयोग ओढण्याच्या ‘टो’ने लिहिला जातो, याकडे बोट दाखवले होते. उच्चार एकच असल्यामुळे देवनागरीत ही चूक दिसतही नाही. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मात्र लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीच चित्र नव्हते, हे उघडे पडते.

तेव्हा वाक्प्रचार शिकवूच नयेत काय? शिकवावेत, ओळखण्यासाठी. वाचताना, ऐकताना ते भेटणार, आणि समोरच्याने गुपित फुटल्याचे सांगितले असता आपण शेंगांचे दाणे वेचत बसू नये, यासाठी ते माहीत हवेत. वापरण्याची सक्ती मात्र काढून टाकावी आणि तिच्यामुळे मोकळा होणारा वेळ शब्दांच्या संगतीला द्यावा. विद्यार्थ्याला एक परिच्छेद देऊन ‘मेक’, ‘टेक’, ‘डू’, ‘हॅव’ यांपैकी कोणते क्रियापद कुठे बसते ते विचारावे. ‘टॉक अबाउट’च्या धाटणीने झालेले ‘डिस्कस अबाउट’ आणि ‘कीप अप विथ’च्या धाटणीने झालेले ‘कोप अप विथ’ असल्या चुका शोधायला लावाव्यात. आणि वाक्प्रचारच विचारायचा असेल तर तीन प्रसंग द्यावेत: मित्राला पाठवलेला संदेश, वरिष्ठांना लिहिलेला अर्ज, शोकसंदेश. दिलेला वाक्प्रचार यांपैकी कुठे चालेल आणि कुठे का चालणार नाही, हे दोन वाक्यांत लिहायला सांगावे. समजा, वाक्प्रचार ‘किक द बकेट’ असेल आणि एखाद्या मुलीने शोकसंदेशाची जागा कोरी ठेवून खाली ‘इथे हा वापरता येणार नाही, कारण पत्र ज्यांना जाणार आहे त्यांचे वडील वारले आहेत’ एवढेच लिहिले, तर तिला पूर्ण गुण द्यावेत.